रंगखात्याच्या जागेवरची भाजी

डिलाईल रोड,
बुधवार, १२ फेब्रुवारी

प्रिय मेघना,

रविवारी मी तुला फोन केला तेव्हा तू म्हणालीस, "बाई, आज कशी काय आठवण झाली?" आणि मी म्हणाले, सहजच. मग रत्नागिरीत ऊन किती आहे, उन्मेषचं नवं ऑफिस कसं आहे, असलं काहीबाही विचारून फोन ठेवला. जे सांगायला फोन केला होता ते तोंडातून बाहेर पडलं नाही. म्हणून आज कागद घेऊन बसले आहे. फोनवर तू मध्येच काहीतरी प्रेमाचं बोलशील आणि मी पुन्हा गप्प बसेन. तू दर महिन्याला बागेचे फोटो मागत होतीस. नोव्हेंबरनंतर मी तुला पाठवले ते सगळे फोटो जुने होते. बाग मी नोव्हेंबरातच बंद केली. चाळीत सांगितलं की पाण्याची अडचण आहे. तेही खरं नव्हतं.

पहिल्या वर्षी आपल्याकडे बाग नव्हतीच, आठवतं ना? शनिवारी सकाळी आपण दोघी दादरला जायचो, वसईहून आलेल्या बायकांकडून दोन पिशव्या भरून पालेभाजी आणायचो आणि चाळीच्या चौकात सतरंजी टाकून मुलांना निवडायला बसवायचो. तीसेक मुलं. बहुतेकांचे आईबाप दिवसभर कामावर, शाळेतून आलं की वेफर्सचं पाकीट नाहीतर नूडल्स, की झालं जेवण. पहिल्या शनिवारी मेथी कुठली आणि कोथिंबीर कुठली हे एकालाही सांगता आलं नव्हतं. चाळीतल्या आया आळीपाळीनं भाजी-भाकरी करायच्या आणि तू तुझ्या दोन वर्षांच्या नूपुरला कडेवर घेऊन मुलांच्या पंगतीत वाढत फिरायचीस. तीन महिन्यांत हीच मुलं लाल माठासाठी भांडायला लागली. त्या वर्षी कुणालाही काहीही झालं नाही. बागेची कल्पना माझी होती. भाजी आणून खायला घालण्यापेक्षा मुलांनी ती स्वतः पिकवावी, मुळा जमिनीतून उपटताना कसा लागतो ते हातांना कळावं, असं मी तुला सांगितलं तेव्हा तुझे डोळे चमकले होते. चाळीमागे गिरणीची भिंत पाडल्यावर मोकळी झालेली ती लांब पट्टी मला दिसत होती. चाळ कमिटीनं एका बैठकीत परवानगी दिली, कारण विचारणारी मी होते. त्यांच्यापैकी निम्मे माझ्या वर्गात बसलेले.

आपण वाफे आखत होतो त्या आठवड्यात लवूकाका काठी टेकत खाली आले होते. तू तेव्हा ऑफिसात होतीस. गिरणी बंद पडेपर्यंत ते रंगखात्यात होते, हे तुला माहीत आहे. त्यांनी काठीनं माती उकरली आणि म्हणाले, "बाईनु, ह्या जाग्यार आमच्या खात्याचा पाणी मुरलाहा. फुलां लावा, खावचां कायव लावू नकात." मी हसून म्हटलं, काका, गिरणी बंद होऊन किती वर्षं झाली, इतके पावसाळे पडले, सगळं धुऊन गेलं असेल. ते म्हणाले, "पाणी गेला, रंग खंय जातलो?" आणि परत जिना चढून गेले. संध्याकाळी मी तुला हे गंमत म्हणून सांगितलं. तू हसली नाहीस. म्हणालीस, "बाई, माती तपासून घेऊ या." लॅब तूच शोधलीस, चार कोपऱ्यांतली माती चार पिशव्यांत भरून तूच दिलीस. रिपोर्टसाठी पत्ता मात्र माझा दिलास, कारण तू दिवसभर घरी नसायचीस.

तू मला दोनदा विचारलंस, रिपोर्ट आला का. दुसऱ्यांदा मी तुला सांगितलं की आला, ठीक आहे, मातीत सेंद्रिय खत कमी आहे एवढंच लिहिलंय. तू लगेच दोन पोती शेणखत मागवलंस.

मेघना, रिपोर्टमध्ये शिसं होतं. मर्यादेच्या सहापट, आणि मागच्या कोपऱ्यात त्याहूनही जास्त. खाली स्पष्ट लिहिलं होतं की ही जमीन खाण्याच्या पिकासाठी योग्य नाही. तो कागद माझ्या हातात पडला अडीच वर्षांपूर्वी, बारा ऑगस्टला. पंधरा तारखेला बागेचं उद्घाटन होतं. नगरसेवक येणार होते, पेपरवाले येणार होते, मुलांनी वीतभर वाढलेल्या मेथीपुढे उभं राहून म्हणायचं गाणं बसवलं होतं. मी ठरवलं की कार्यक्रम होऊ दे, मग बघू. कार्यक्रम झाला. मग ठरवलं की वरून चांगली लाल माती टाकली की झालं. एक टेम्पो माती आणवली, ती पुढच्या चार वाफ्यांना पुरली. मागच्या वाफ्यांसाठी पुन्हा आणवायची राहिली. राहिली असं लिहिते आहे, पण खरं म्हणजे पुन्हा टेम्पो मागवला असता तर कुणीतरी कारण विचारलं असतं. निवृत्त झाल्यापासून चार वर्षं जिन्यात मला कुणी थांबवून बोललं नव्हतं. आता खाली उतरले की चहूबाजूंनी बाई, बाई. कुणाच्या मुलानं पहिल्यांदा पालक मागून खाल्ला, कुणाच्या मुलीला तोंडली आवडायला लागली. ते मला सोडवेना. याला दुसरं कुठलंही कारण नाही, आणि तू मनातल्या मनात माझ्यासाठी एखादं शोधू नकोस.

आता मनूबद्दल. तुला ती आठवत असेल, सुभद्राची मुलगी, हिंदमाताला साड्यांच्या दुकानात काम करते ती सुभद्रा. मनू पाच वर्षांची असताना बागेत यायला लागली आणि मागच्या वाफ्यापाशीच बसायची, कारण तिथे मुळे होते. मुळा उपटायचा, फ्रॉकला पुसायचा आणि कचाकचा खायचा. पेपरात जो फोटो आला तो तिचाच होता. मीच त्या बातमीदाराला तिच्याकडे बोट दाखवून म्हटलं होतं की बघा, मुंबईतलं मूल असं भाजी खाताना कुठे बघायला मिळतं का. एकदा तू मला म्हणालीस, "बाई, ही पोरगी मातीपण खाते. अंगात लोह कमी असेल, सुभद्राला सांगायला हवं." मी म्हटलं, मी सांगते. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सुभद्रानं तिला डॉक्टरकडे नेलं असतं, आणि डॉक्टरनं विचारलं असतं, कुठली माती.

गेल्या मे महिन्यात नवऱ्याच्या, उन्मेषच्या, बदलीमुळे तू रत्नागिरीला गेलीस. त्यानंतर मनूचं पोट दुखायला लागलं. जेवेना, चिडचिड करायला लागली. सुभद्रानं जंताचं औषध दिलं, मग आणखी कुणाचं तरी औषध दिलं. वर्गात लक्ष देत नाही म्हणून शाळेतून बोलावणं आलं. नोव्हेंबरात एका सकाळी वेणी घालून घेता घेता तिला फिट आली. एक थांबली नाही तोवर दुसरी. सुभद्रा आणि मी तिला टॅक्सीत घालून हॉस्पिटलात नेलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं की मुलगी भिंतीचा रंग खाते का. शिसं, त्या म्हणाल्या, खूप आहे, मेंदूपर्यंत गेलंय. मी सुभद्राच्या शेजारी उभी होते. मला तेव्हाच सगळं कळलं, आणि मी म्हटलं, "आमच्या चाळीचा रंग फार जुना आहे हो."

हे वाक्य मी म्हटलं, मेघना. त्या वाक्यानं दोन महिने खाल्ले. लोकांनी चाळीच्या कठड्यांचा रंग खरवडून तपासायला दिला. कुणी काजळावर संशय घेतला, कुणी खेळण्यांवर, कुणी टाकीच्या पाण्यावर. बागेचं नाव कुणी काढलं नाही, कारण माती तपासली आहे आणि ठीक आहे, असं मीच लवूकाकांसकट सगळ्यांना सांगितलं होतं. सुभद्रानं घरातली सगळी जुनी भांडी काढून टाकली. हॉस्पिटलातून माणसं आली आणि चाळीतल्या सगळ्या मुलांचं रक्त घेऊन गेली. अकरा मुलांमध्ये शिसं सापडलं, पण मनूइतकं कुणात नाही. मी बागेला कुलूप घातलं आणि गप्प राहिले. मुलांचं खाणं तर थांबलं, आता सांगून काय होणार, असं मी स्वतःला सांगत होते.

मनू महिन्याभरानं घरी आली. चालते. हसते, पण कशाला ते कळत नाही. पहिलीतली सगळी अक्षरं गेली. 'म' काढून दाखवला तरी स्वतःचं नाव त्यानं सुरू होतं हे तिला सांगता येत नाही. सुभद्रा माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही एवढी मुलं शिकवलीत, माझ्या मनूला परत शिकवाल का?" मी हो म्हटलं. डिसेंबरपासून रोज दुपारी ती माझ्याकडे येत होती. मी तिचं बोट धरून रांगोळीत 'म' गिरवायचे. संध्याकाळी सुभद्रा न्यायला यायची, कधी दुकानाजवळून गरम शेंगा घेऊन यायची, आणि म्हणायची, तुम्ही आहात म्हणून मी कामावर जाऊ शकते. त्या शेंगा मी खाल्ल्या आहेत.

परवा, सोमवारी, मी तो रिपोर्ट घेऊन हॉस्पिटलात गेले आणि डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला. त्यांनी तारीख बघितली, मग माझ्याकडे बघितलं. ओरडल्या नाहीत. लिहून घेताना त्यांनी एकदा पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुम्ही शिक्षिका होतात ना?" काल संध्याकाळी सुभद्रा मनूला न्यायला आली तेव्हा मी तिला आत बसवलं आणि सगळं सांगितलं. तिला आधी समजलंच नाही. तिला वाटलं आत्ता कुठून तरी शोध लागला आहे, आणि ती माझा हात धरून म्हणाली, "सापडलं ना एकदाचं." मला पुन्हा सांगावं लागलं की मला माहीत होतं. तिनं विचारलं, "कधीपासून?" मी तारीख सांगितली. ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. मग तिनं मनूची चप्पल शोधली, तिच्या पायात घातली, तिच्या बोटांची रांगोळी पदरानं एकेक बोट धरून पुसली आणि तिला घेऊन गेली. दारात म्हणाली, "तिला शिकवायला मी तुमच्याकडे पाठवत होते." एवढंच. आज सकाळपासून जिन्यात माणसं जमताहेत, माझ्या दारासमोरून जाताना आवाज खाली येतो. सुभद्रा कमिटीच्या माणसांबरोबर पोलिस चौकीत गेली आहे. मला बोलावतील तेव्हा मी जाणार आहे, आणि मला वाचवायला तू इथे येऊ नकोस. माती तपासायचा आग्रह तुझा होता आणि खोटं माझं होतं, हे मी तिथेही लिहून देणार आहे.

आता जे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं ते. शनिवारी तुझं पत्र आलं; रविवारी फोनवर ते मिळाल्याचंही मी तुला सांगितलं नाही. नूपुरचं पोट सारखं दुखतं, ती चिडते, जेवत नाही, शाळेतल्या बाई म्हणतात की शिकवलेलं तिच्या लक्षात राहत नाही, आणि रत्नागिरीचे डॉक्टर जंताचं औषध देताहेत, असं तू लिहिलंस. "बाई, तुम्ही इतकी मुलं पाहिलीत, तुम्हीच सांगा माझ्या मुलीला काय झालंय." चाळीतल्या सगळ्या मुलांचं रक्त तपासलं तेव्हा एकच मूल इथे नव्हतं, आणि त्याची आठवण मी कुणालाही करून दिली नाही. दोन वर्षं ती तुझ्या पाठोपाठ त्या वाफ्यांतून फिरली आहे, तिच्या तोंडात मेथीची पानं मी माझ्या हातानं घातली आहेत. नूपुरच्या रक्तातलं शिसं तपासून घे. हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी जा. जंताचं औषध बंद कर, तिथे ही तपासणी होत नसेल तर कोल्हापूरला ने, पण थांबू नकोस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या आहेत की लवकर कळलं तर औषधं आहेत, सगळंच हातातून गेलेलं नसतं. त्यांचा नंबर आणि मातीचा रिपोर्ट सोबत जोडला आहे, तो तिथल्या डॉक्टरांना दाखव. कुरिअरवाला उद्या दुपारपर्यंत पोचवेन म्हणाला आहे, पण या वेळी मी त्याच्यावरही विसंबणार नाही. पाकीट बंद केलं की लगेच तुला फोन लावणार आहे. तू "बाई, कशी आठवण झाली" असं विचारलंस तरी आधी नूपुरचं नाव घेणार आहे.

तुझीच,
मृणालिनीबाई