टीव्हीवरचं कुंकू

बाबा, तुमाले जाऊन अठरा वर्षं झाली आणि आज मी लिहाले बसलो ते रागानं. आधीच सांगून ठेवतो. अर्धा राग टीव्हीच्या एका कंपनीवर आहे, अर्धा तुमच्यावर. कोणावर किती ते लिहिता लिहिता समजेल. वर्गात पोरांसमोर मी पुस्तकातली मराठी बोलतो, शाळा सुटली की आपली. तुमाले आपलीच चालेल.

आई माझ्याजवळ अमरावतीले असते. परतवाड्याचं तुमचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आणि त्याच्या मागच्या आपल्या दोन खोल्या कव्हाच गेल्या. आईच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. डाव्यानं आता फक्त उजेड समजते, उजव्यानं समोरचं दिसते, बाजूचं नाही. डॉक्टरनं मले एकट्याले आत बोलावलं आणि म्हटलं, जे दाखवायचं ते या वर्षात दाखवून घ्या. घरी येऊन मी तिले विचारलं, आई, कुठी जायचं का? काशीले, गाणगापूरले? तर ती म्हणे, "मले कुठी नाई जायचं. ते दोघी बहिणींची मालिका होती ना, तिचा शेवटचा भाग राह्यला. धाकटी घरी वापस आली का नाई, तेवढं पाहाचं हाये." बाप्पा! तीस-बत्तीस वर्षं ही बाई एवढं पोटात घेऊन बसली होती आणि आपल्याले पत्ता नाही.

आणि नेमकी त्याच आठवड्यात पेपरात पानभर जाहिरात. नवा टीव्ही घ्या, जुन्या मालिका, जुनी नाटकं, म्हणाल तेव्हा, म्हणाल तितक्यांदा, आणि फक्त आमच्याच टीव्हीवर. खाली लहान लहान फोटो, त्यात त्या दोघी बहिणी. आईनं पेपर उजव्या डोळ्यापाशी नेला आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही. मंग मी दसऱ्याच्या दिवशी गेलो आणि टीव्ही घेतला. दुकानातला पोरगा म्हणे, "अंकल, सब आयेगा, टेन्शन कायका?"

तुमचा नियम मले पाठ होता. चालवल्याशिवाय द्यायचं नाही, चालवल्याशिवाय घ्यायचं नाही. पण आईनं बजावलं होतं, खोकं देवापुढंच फोडाचं, दुकानात फोडलेली उष्टी वस्तू घरात नाई आणाची. मी ऐकलं. टीव्हीवाल्याचा पोरगा असून सीलबंद खोकं रिक्षात घालून घरी आलो. टीव्ही भिंतीले लागल्यावर आईनं कुंकू ओलं केलं, चांगलं घट्ट. मी म्हटलं, स्वस्तिक पाठीवर काढ. ती म्हणे, "शुभाचा सातिया काय पाठीवर काढतात?" तिनं चाचपत चाचपत समोरच्या कोपऱ्यावर काढला. आता या टीव्हीले काठ म्हणून राह्यलाच नाही, दोऱ्यासारखा असते. अर्धा सातिया काठावर, अर्धा काचेवर. मंग ती हात जोडून समोर बसली आणि मी बटन दाबलं. त्या दोघी बहिणींचं चित्र आलं. त्याच्यावर दाबलं तर पडद्यावर ओळ आली, ही सेवा या मॉडेलमध्ये उपलब्ध नाही.

आई म्हणे, "काय लिवलं हाये रे?" मी म्हटलं, सुरू होऊन राह्यलं.

दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये गेलो. मॅनेजरनं मले खोक्यावरची एक चांदणी दाखवली. मुंगीच्या डोळ्याएवढी. तिच्यापुढं लिहिलेलं, निवडक मॉडेलसाठी. मी म्हटलं, मंग या खोक्यावर छापलं काहून? तो म्हणते, खोकं सगळ्या मॉडेलले एकच असते, सर. एकच असते! म्हंजे उद्या आंब्याच्या पेटीत बटाटे भरून विका आणि म्हणा, पेटी एकच असते. मी म्हटलं, बरं, बदलून द्या, ज्याच्यात चालते तो द्या, वरचे पैसे घ्या. तर तो म्हणते, फोडलेला पीस वापस होत नाही. मी मोबाइलवर काढलेला टीव्हीचा फोटो त्यानं बोटांनी मोठा केला आणि म्हणे, "आणि हा डाग काय आहे? स्क्रीनवर डाग म्हंजे डॅमेज लिहावं लागेल."

माझ्या आईच्या हातच्या कुंकवाले तो डॅमेज म्हणते, बाबा. मी तिथी जो तोंडाचा पट्टा सोडला, सारं शोरूम उभं राहून पाहत होतं. मास्तर माणूस मी, माझ्या हाताखालून गेलेले दोघं तिथी फ्रीज पाहत होते, तरी सोडला. उपयोग काय? त्यांच्या फोनवर तक्रार करावी तर एक बाई म्हणते, तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे, आणि मंग बाजा वाजत राहते. अकरा दिवसांनी अकोल्याहून त्यांचा माणूस आला. त्यानं तेच बटन दाबलं, तीच ओळ वाचली आणि म्हणे, "सर, सेट एकदम ओके आहे, आणि या कुंकवाच्या डागामुळे बदलूनही मिळणार नाही," आणि जाता जाता पाच चांदण्या द्या म्हणून माझा मोबाइल मागतला.

आईनं सारं ऐकलं होतं. डोळे गेले तरी कान तिखट आहेत तिचे. तो गेल्यावर पाहतो तर ती खोबरेल तेलात कापूस बुडवून टीव्हीचा कोपरा घासून राहिली होती. "माह्याच हातानं वाया गेला रे. कुंकू नसतं लावलं तर बदलून भेटला असता." तुमाले सांगतो, त्या वेळी तो मॅनेजर समोर असता तर मी मास्तरकी विसरलो असतो.

मंग मी ग्राहक मंचाचा अर्ज आणला. सगळं भरलं. एका रकान्यात विचारलं आहे, तुमचं नेमकं काय नुकसान झालं? तिथी अडलो. काय लिहू? आणि तिथीच मले तुमची आठवण आली, आणि चांगली नाही आली.

तुमी सेट दुरुस्त केला की आठ दिवस घरात चालवून पाहत होते, मंगच गिऱ्हाइकाले देत होते. सारं परतवाडा तुमचं नाव काढे. म्हणून आपल्या घरी कायम टीव्ही असे आणि आपला एकही नव्हता. आईनं ती मालिका कोणाच्या कलरवर, कोणाच्या काळ्यापांढऱ्यावर, एकदा तर नुसत्या हिरव्या चेहऱ्यांची पाह्यली. नशिबानं एकामागं एक सेट येत गेले आणि शेवटच्या भागापर्यंत गाडी आली. गुरुवार होता. आईनं साडेपाचलेच स्वयंपाक उरकला आहे, पदराले हात पुसत ती समोर येऊन बसली आहे, आणि अचलपूरचे वकील दारात उभे. त्यांचाच सेट होता तो. त्यांनी आईकडं पाह्यलं आणि ते स्वतः म्हणाले, बाबा, ते स्वतः म्हणाले, "राहू द्या ना, उद्या नेतो." आणि तुमी म्हणाले, "नाई. आज म्हटलं म्हंजे आज." तुमी वायर काढली. आई उठून चुलीपाशी गेली. तिथी काहीच काम नव्हतं.

शेजारी जाऊन पाहावं तर तेही तिले शक्य नव्हतं. टीव्हीवाल्याची बायको लोकाच्या दारी टीव्ही पाहाले कशी जाईल? ही इज्जतही तुमचीच.

त्या कंपनीनं शब्द मोडला. तुमी पाळला. दोन्ही वेळा उपाशी आईच राह्यली. कंपनी तर आईले ओळखत नाही, बाबा. तुमी ओळखत होते. एक दिवस वकिलाले थांबवलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं?

हे पत्र कुठी टाकायचं तर नाहीच, म्हणून एक सांगून टाकतो. त्या गुरुवारी तुमी वकिलाच्या रिक्षात सेट घेऊन गेले आणि मी मागच्या दारानं शेजारी पळालो. त्यांच्या दाराच्या फटीपाशी बसून मी तो भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत पाह्यला. घरी आलो तर आईनं विचारलं, "काय झालं रे, आली का धाकटी?" तिच्या तोंडाकडं पाहून मले काय वाटलं कोण जाणे. मी म्हटलं, पडद्यावर नुसत्या मुंग्या होत्या, गावात कोणालेच काही दिसलं नाही. तिले त्यानं बरं वाटलं, ती हसली सुद्धा. आताही ती तेच धरून बसली आहे, की तो भाग कोणीच पाह्यला नाही.

पंधरा दिवस झाले, मी आठवून राहिलो. दाराची फट आठवते, शेजारच्या काकूनं दिलेला मुरमुऱ्याचा लाडू आठवते. धाकटी आली का नाही, ते मले आठवत नाही.