सी हॉकच्या नाकातले वजन

मी, कडुबा भिवाजी वाहूळ, वय ७६, मूळचा पिशोरचा, राहणार चिकलठाणा, नौदलातील निवृत्त विमान फिटर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शुद्ध आहे, चैन नाही. हा तिसरा कागद. आधीचे दोन मीच फाडले, ते रद्द समजावेत.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी गोजरबाई हिची. तिच्या हयातीत घर विकण्याचा विषय मुलगा अतुल याने जेवतानासुद्धा काढू नये. तिच्यामागे सर्व त्याचे.

२. माझे पाने, पकडी वगैरे हत्यारे अतुलला. मागच्या दिवाळीत त्यातली निम्मी त्याने भंगारात घातली, हे मी विसरलेलो नाही. उरलेली मोजून घ्यावीत.

३. सी हॉक या जुन्या लढाऊ जेटचे वीतभर प्लास्टिकचे मॉडेल नात संस्कृती हिला. नौदलात ज्या विमानांवर मी हात काळे केले, तेच हे. सुट्या भागांचा खोका अतुलने माझ्या पंचाहत्तरीला आणून दिला. पंख बसवले, चाके बसवली. नाक मात्र चिकटवलेले नाही, नुसत्या चिकटपट्टीने धरले आहे. दर रविवारी माझ्या तुकडीतला जोडीदार रहीम चहाला येतो. सूचनांचा कागद त्यानेच वाचला आणि बजावले, "नाकात वजन घाल कडुबा, नायतर शेपटीवर बसंल."

वजन माझ्याकडे होते. फार वर्षांपासून होते.

४. १९७८ साली आमच्या पेटीतला एक सॉकेट, म्हणजे नट फिरवायची बोटाच्या पेराएवढी लोखंडी टोपी, हरवला. विमानात हत्यार राहिले तर माणूस जातो, म्हणून काम संपले की पेटी मोजायची आणि मगच सही करायची. मी न मोजता सही केली होती. विमान तीन दिवस उघडून शोधले. माझ्या सहीप्रमाणे पेटी पूर्ण होती आणि माझ्यानंतर ती रहीमच्या हातात होती, म्हणून ठपका त्याच्यावर आला आणि त्याची बढती अडली. पुढे मी सुट्टीवर पिशोरला आलो, गोजरबाईने माझी डांगरी धुवायला घेतली आणि खिशातून सॉकेट निघाला. मी तो ट्रंकेत टाकला आणि गप्प बसलो. मला त्याची लाज वाटते, आजही. रहीमने मात्र त्यानंतर नीट वाचल्याशिवाय कशावरही सही केली नाही. कुरिअरवाल्यालासुद्धा तो दारात ताटकळत ठेवतो.

तोच सॉकेट या विमानाच्या नाकात आहे.

५. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले. म्हणून रहीमच्या नावे मी काहीही ठेवलेले नाही आणि आज त्याला साक्षीला बोलावले आहे. तोंडाने सांगायचे दर रविवारी ठरवतो आणि चहा आला की विषय बदलतो. आज तो वाचेल तेव्हा मी समोरच बसलेला असेन. उठून जाणार नाही.

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १५ फेब्रुवारी २०२६, रविवार

सही: कडुबा भिवाजी वाहूळ

साक्षीदार १: बन्सी नामदेव साळवे, शेजारी. सही माझ्यासमोर केली.

साक्षीदार २: रहीम उस्मान पठाण. दोनदा वाचून सही केली. सॉकेट मी काढून घेतला. विमान शेपटीवर बसलंय. आज चहा नको. पुढच्या रविवारी दुसरं वजन घेऊन येतो.