ठेंगणं टेबल

धंतोली, नागपूर
रविवार, ५ ऑगस्ट १९७९

चि. कौशल्या हिस,

अनेक आशीर्वाद. उमरेडला तुम्ही सगळी बरी असाल असं धरून लिहिते. आईचे गुडघे आता कसे आहेत?

ऑफिसात नवे पंखे लागले. चंपतराव शिपाई मार्चमध्ये निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी तुझी आठवण काढली, तेव्हा मी चहा बघायच्या निमित्ताने उठून गेले.

अक्षर वाकडं आलं आहे, समजून घे. चार महिन्यांपासून उजवं मनगट दुखतं, अंगठ्याला मुंग्या येतात. परवा वरणाचं भांडं हातातून सुटलं. तू गेल्यावर तुझी जागा भरलीच नाही. मराठी टाइपरायटर तुझ्या त्या उंच टेबलावरच राहिला आणि तिथे मी बसू लागले.

तू खुर्चीवर जुन्या राजपत्रांचे दोन बांधीव गठ्ठे ठेवून बसायचीस, कोपर मशीनच्या उंचीला यावं म्हणून. चंपतराव म्हणायचे, "कौशल्याबाई सिंहासनावर बसून राहिल्या." तूही हसायचीस. सरकारी कागदावर बसतेस म्हणून मी ते गठ्ठे काढून घेतले. त्यानंतर तू खांदे उचलून, मनगटं वाकवून दिवसाला तीस-तीस पानं काढलीस. गेल्या आठवड्यात मी दार लोटून तेच गठ्ठे खुर्चीवर ठेवले आणि बसून पाहिलं. हात हलका झाला. मग मला तिथून उठवेना.

तुझे वडील, नत्थूजी, भेटायला आले होते तो दिवस मला अलीकडे फार आठवतो. तुझी खुर्ची, टेबल त्यांनी नीट निरखलं आणि म्हणाले, "बाई, आमच्यात हातमागाखाली पाय सोडायचा खड्डा विणणाऱ्याच्या मापानं खणतात. एकाचा दुसऱ्याले चालत नाही. हे टेबल कोणाच्या मापाचं हाय?"

त्यांच्या बोलण्यातला हातमाग तेवढा मी लक्षात ठेवला.

तुझ्या कायम नेमणुकीच्या वेळी साहेबांनी तुझ्या हाताच्या दुखण्याबद्दल माझा अभिप्राय मागितला. मी लिहिलं, ‘घरी हातमाग आहे, दुखणं त्या कामाचं असावं.’ तेवढ्यावर तुझी नेमणूक अडली आणि तू घरी गेलीस. कौशल्या, तू मागावर कधी बसली नाहीस हे मला माहीत होतं. पोरीची बोटं टाइपिंगसाठी राहावीत म्हणून वडिलांनी तुला मागाला हात लावू दिला नाही, हे तूच मला डबा खाताना सांगितलं होतंस.

वरपासून जे टाळते आहे ते आता लिहिते. त्या वर्षी ऑफिसला टाइपिंगचं एकच ठेंगणं टेबल मिळालं होतं. ते मराठी मशीनसाठी आलं होतं, म्हणजे तुझ्यासाठी. मी ज्येष्ठ म्हणून ते माझ्याकडे ओढलं आणि त्यावर हजेरीपट न् माझी पर्स ठेवली. दुखणं टेबलामुळे आहे असं मान्य केलं असतं, तर ते टेबल माझ्याकडे काहून, हे कोणीतरी विचारलंच असतं. तू गेल्यावरही मशीन त्यावर ठेवायची माझी छाती झाली नाही. सगळ्यांना कळलं असतं.

शुक्रवारी तुझा फेरविचाराचा अर्ज पुन्हा माझ्याकडेच अभिप्रायाला आला. काल मी लिहून दिलं की माझा आधीचा अभिप्राय खोटा होता, आणि तो का दिला तेही. साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "सिंधूताई, परत घ्यायचं असेल तर आत्ताच घ्या. नंतर माझ्या हातात राहणार नाही." मी घेतलं नाही. माझं काय होईल ते होवो, त्याची काळजी तू करायची नाहीस.

येत्या शुक्रवारी, दहा तारखेला, तुला बोलावतील. साहेब टेबलाचं विचारतील. मागे ते टेबल आलं तेव्हाही त्यांनी विचारलं होतं, माझ्यासमोरच, आणि तू म्हणालीस, "ताईंच्या पाठीले त्रास हाय, ते त्यांच्यापाशीच राहू द्या."

माझ्या पाठीला कधी काही नव्हतं. तुला ते ठाऊक होतं.

शुक्रवारी मला सांभाळून घेऊ नकोस.

सिंधू वैरागडे