गोल झाल्यावर जल्लोष करायचा नाही

१२ एप्रिल, रविवार
क्लबच्या मानसतज्ज्ञ बाईंनी रोज चार ओळी लिहायला सांगितलंय. मनातलं, खरंखुरं. कुणी वाचणार नाही म्हणे. माझ्या मनात काही नाही. गुडघा ठीक. तेहतिसाव्या वर्षी इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये, चौथ्या डिव्हिजनमध्ये, मिडफिल्ड सांभाळणं खायचं काम नाही, पण सांभाळतोय.

सीझनचा शेवटचा सामना २ मेला, वेदरशॉ टाउनशी, त्यांच्या मैदानावर. माझा जुना क्लब. सोळाव्या वर्षी तिथे गेलो तेव्हा क्लबने मला हॉल्डन नवराबायकोकडे राहायला ठेवलं होतं. मागची खोली, ईनिड आंटींच्या हातचं जेवण. वॉल्टर अंकल रोज सकाळी स्वतःच्या गाडीतून सरावाला सोडायचे. स्वतःचं मूल नव्हतं त्यांना.

अंकल नोव्हेंबरमध्ये गेले. अंत्यविधीला जाता आलं नाही. हॅमस्ट्रिंग.

१३ एप्रिल, सोमवार
हॅमस्ट्रिंगबद्दल, म्हणजे मांडीमागच्या ताणलेल्या स्नायूबद्दल, थोडं अधिक. डॉक्टर म्हणाले होते, गाडीत फार वेळ बसू नको. वेदरशॉ इथून चाळीस मिनिटं. त्या दिवशी मी गाडी घेऊन सोफा बघायला गेलो हे खरं आहे, पण ती वेळ आधीच ठरली होती. आणि तो रस्ता सपाट आहे.

आंटींना मेसेज केला होता. उत्तर आलं, थँक यू बाळा, कधीतरी चहाला ये. त्याला उत्तर द्यायचं राहिलं. आता पाच महिन्यांनी देणं बरं दिसणार नाही.

१५ एप्रिल, बुधवार
अंघोळ करताना कल्पना सुचली. जुन्या क्लबविरुद्ध गोल केला तर आमच्यात जल्लोष करत नाहीत. मान खाली, दोन्ही हात वर, तळवे प्रेक्षकांकडे. म्हणजे, माफ करा, तुमचं मीठ खाल्लंय. अख्ख्या मैदानाला ते कळतं.

आंटी अजूनही मेन स्टँडमध्ये बसतात. तर २ मेला मी गोल करणार आणि आंटींकडे वळून हात वर करणार. पाच महिन्यांचं एका झटक्यात फिटेल. चहाला जाऊन कसनुसं तोंड करून बसण्यापेक्षा हे कितीतरी मनापासूनचं.

१८ एप्रिल, शनिवार
घरच्या मैदानावर ०-०. मी बेंचवर. मॅनेजर डोनेली, म्हणजे आमचे गॅफर, म्हणाले, तुला जपून ठेवतोय. २ मेसाठीच असणार.

२१ एप्रिल, मंगळवार
सरावानंतर ड्रेसिंग रूमच्या आरशासमोर हात वर करून पाहिले. कोपर ताठ ठेवलं तर दरोडा पडल्यासारखं वाटतं. थोडं वाकवलं की बरं दिसतं. आमचा गोलकीपर टुंडे मागे उभा होता, ते कळलं नाही. सगळं सांगावं लागलं. त्याने विचारलं, शेवटचा गोल कधी मारलास? गेल्याच्या गेल्या सीझनला. तोही माझ्या पाठीला लागून गेला होता, पण नोंद माझ्या नावावर आहे.

टुंडेचं म्हणणं, हे बाजारात तुरी नि भट भटणीला मारी असं झालं. मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "पिल्स," (ड्रेसिंग रूममध्ये मला हेच नाव पडलंय) "तू गाडी काढ आणि त्या बाईंकडे जा." टुंडेला ही गोष्ट कळायची नाही. गोलकीपर एकटे राहून राहून तसे होतात.

२६ एप्रिल, रविवार
सुट्टी. केक घेऊन गेलो होतो. आंटींच्या गल्लीच्या टोकापर्यंत. दारासमोर वॉल्टर अंकलची गाडी तशीच उभी होती, चाकांतली हवा गेलेली. परत फिरलो.

विचार करता हेच बरोबर. आज भेटलो असतो तर २ मेचा परिणाम कमी झाला असता. केक मीच खाल्ला. ही मात्र चूक.

३० एप्रिल, गुरुवार
सुरुवातीपासून खेळणार! दोघे जखमी आणि एक निलंबित आहे, पण त्याचा संबंध असेलच असं नाही. गॅफरची सूचना: त्यांच्या कॉर्नरला मी आपल्या गोलच्या जवळच्या खांबापाशी उभं राहायचं. आणि मैदानाच्या अर्ध्याच्या पुढे दिसलो तर बाहेर काढतील. म्हणजे गोल लांबून मारावा लागणार. जमेल.

२ मे, शनिवार, सकाळ
बसमध्ये. स्वच्छ ऊन. रात्री अंकल आठवले. गाडीचा हीटर बिघडला तेव्हा त्यांनी स्वतःचे हातमोजे मला दिले होते. आज सगळं सांगून टाकायचं. गोल करून.

२ मे, संध्याकाळ
०-१. गोल माझाच.

त्यांचा कॉर्नर. चेंडू खाली आला, मी बाहेर काढायला डोकं लावलं आणि तो मागे आमच्याच जाळ्यात. टुंडे आडवा. माझे हात आपोआप वर गेले, मेन स्टँडकडे वळून, मान खाली, कोपर थोडं वाकवून. म्हणजे तसं सगळं ठरल्याप्रमाणेच झालं, फक्त गोलपोस्ट चुकला. अख्खं मैदान माझं नाव घेऊन गात होतं. आमचे लोक वेगळं काही म्हणत होते. टुंडे अजून माझ्याशी बोललेला नाही. त्याचं तरी काय चुकलं?

नंतर पार्किंगमध्ये बसपाशी आंटी उभ्या होत्या. अंगात अंकलचा कोट, बाह्या दुमडलेल्या. गालाला हात लावून म्हणाल्या, "बारीक झालास रे. वॉल्टर शेवटी शेवटी रेडिओवर आधी तुमचा स्कोअर ऐकायचा, मग आमचा."

मला रडूच आलं. म्हटलं, "आंटी, मघाशी हात वर केले ना, ते तुमच्यासाठी होते. अंकलसाठी. माफी मागत होतो मी."

आंटी म्हणाल्या, "होय का? मला वाटलं, ऑफसाइड मागतोयस. शेजारच्या बाईंना मी म्हटलंसुद्धा, स्वतःच मारलाय आणि ऑफसाइड कसला मागतोय हा."

मग त्यांनी माझी कॉलर नीट केली. "उद्या रविवार आहे. मटण भाजणार आहे. एकटीसाठी करवत नाही बघ. येशील जेवायला?"

हो म्हणायला तोंड उघडलं. निघालं ते भलतंच. म्हटलं, उद्या रिकव्हरी सेशन आहे.

आंटी म्हणाल्या, मग नको, सराव बुडवू नये. वॉल्टरही हेच म्हणाला असता. बस सुटेपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या.

उद्या सेशन वगैरे काही नाही. सीझन आज संपला.