बागेचं काम चालू आहे

१२ जानेवारी १९८६, रविवार
नदीबाग सुधार समितीचा कन्व्हीनर म्हणून माझं नाव एकमतानं पास. सभेला आम्ही चौघे होतो. दोघांना घाई होती. रघुनाथराव म्हणाले, "मास्तर, तुमीच घ्या. रिटायर झाले, रिकामेच तं हाय." रिकामे या शब्दाचा राग धरला नाही. माणूस तहसिलीत नोकरी करून थकला आहे, शब्द निवडत नाही.

आयुष्यभर ड्रॉइंगमास्तर म्हणून पोरांच्या वहीतल्या नद्या तपासल्या. आता खऱ्या नदीवर काम.

बागेची आजची स्थिती: कारंजं बंद. घसरगुंडीचा पत्रा फाटलेला. जाम नदीकडची भिंत बसलेली. एक बेंच तीन पायांवर. मधोमध भला मोठा कडुनिंब, तो नदीचा व्ह्यू अडवतो. पांढुर्णा वाढून राहिलं, स्टेशनकडे नवी घरं उठली, आणि बाग आपली खोकत बसली आहे.

घरी येऊन बायकोला, मालतीला, बातमी सांगितली. ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरनी तिला चालायला सांगितलं, म्हणून ती रोज संध्याकाळी बागेत जाते आणि बसते. म्हणाली, "त्या बेंचाचा पाय तेवढा करा नं. अन् प्यायच्या पाण्याचा एक नळ." मी हसलो. घरातल्या माणसांना व्हिजन नसतं.

संकल्प: पंधरा ऑगस्टला उद्घाटन. उद्यापासून पहाटे साइटवर.

१३ जानेवारी
थंडी फार. परवापासून साइटवर.

२ फेब्रुवारी, रविवार
नागपूरला जाऊन अंबाझरीची बाग पाहून आलो. गाडीत उभ्यानं प्रवास, पाय सुजले. पण डोकं पेटलं. आल्या आल्या पुठ्ठ्यावर प्लॅन काढला. रंगीत कारंजं, वळणाच्या वाटा, फुलांचे गोल वाफे, आणि नदीत बोटिंग. बोटीत मी एक जोडपं काढलं आहे. जोडप्याचे चेहरे फार चांगले जमले.

समितीत प्लॅन दाखवला. सगळे बराच वेळ गप्प होते. भारावले असणार.

रघुनाथरावांनी विचारलं की बेंच किती. मी म्हणालो, बसायला नाही, फिरायला बाग असते.

१० फेब्रुवारी
आजपासून बाग बंद. काटेरी तार ओढली. फाटकावर स्वतः बोर्ड रंगवला: "बागेचं काम चालू आहे." अक्षर उत्तम आलं.

फाटकाशी चंद्रकला फुटाणे-शेंगदाणे घेऊन बसते. तिला उठवावं लागलं. नव्या बागेच्या तोंडाशी टोपलं शोभणार नाही हे मी तिला शांतपणे समजावलं. ती म्हणाली, "गुर्जी, मी गेली तं माणसं बी जातीन." एवढा मोठा गैरसमज मी क्वचितच पाहिला. टोपलं उचलून गेली. वाईट वाटलं, पण सुधारणेत थोडं वाईट वाटतंच.

संध्याकाळी मालती फाटकापर्यंत जाऊन परत आली. मी म्हणालो, काही महिन्यांचाच प्रश्न आहे. तिनं भांडी जरा जोरात घासली.

२३ मार्च, रविवार
नाव आली! सौंसरच्या एका ठेकेदारानं जुनी पडलेली दिली. संत्र्याच्या ट्रकवरून आणली. उतरवून घेताना कमरेत चमक भरली. मोठ्या कामाची पहिली जखम.

नदीत सध्या पाणी नाही. नाव रेतीत ठेवली. रघुनाथराव काठावर उभे राहून बराच वेळ पाहून राहिले आणि म्हणाले, "मास्तर, पाणी कोठी हाय?" मी म्हणालो, येईल. ते म्हणाले, "येईन, पण थे चालतं हो, थांबत नाही." या माणसाला समितीत कोणी घेतलं? (मीच.)

१७ एप्रिल
कडुनिंबाच्या खालच्या सगळ्या फांद्या उतरवल्या. व्ह्यू एकदम मोकळा. फाटकातून थेट नदी दिसते, म्हणजे रेती दिसते.

१८ एप्रिल
ऊन.

९ मे
काम मंद. गडी दुपारी दिसत नाहीत म्हणून भर उन्हात इन्स्पेक्शनला गेलो. सापडले. नाव एका बाजूनं उचलून तिला खालून टेके दिलेत आणि तिच्या सावलीत ओळीनं झोपले आहेत. ओरडणार होतो, पण डोकं गरगरलं. बागेत दुसरी सावली नाही. थोडा वेळ मीही नावेखाली आडवा झालो. एकानं सरकून जागा दिली. नाव मजबूत आहे हे तेव्हा जवळून कळलं.

२ जून
मालतीनं चालणं सोडलं आहे. दिवसभर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसते. पायावर सूज. डॉक्टर म्हणाले, चालत का नाही? ती म्हणाली, "कोठी चालू? बाग तं ह्याईनं बंद केली." डॉक्टरांसमोर असं बोलायची गरज नव्हती. 

घरी येऊन पुठ्ठ्यावर तिच्यासाठी एक खास वाट काढली. दोन्ही बाजूंनी गुलाब.

२० जून
मालती आज आपणहून संध्याकाळी बाहेर पडली. विचारलं तर म्हणाली, "देवळात." उत्तम. धार्मिक ओढ या वयात लागतेच. माझ्या रागाचाही थोडा परिणाम असावा.

१४ जुलै
मालती रोज देवळात जाते. सूज उतरली. रंगही बदलला. परत येते तेव्हा चपलांना रेती असते आणि ओच्यात शेंगांची टरफलं. हल्ली देवळं अगदीच अस्वच्छ ठेवतात.

२९ जुलै
काल वरच्या अंगाला पाऊस पडला आणि नदी एकदम चढली. बसलेल्या भिंतीतून पाणी बागेत. गोल वाफे गेले. नाव खुंट्याला बांधली होती, खुंट्यासकट गेली. काठावर सगळं गाव जमलं होतं. कोणीतरी म्हणालं, "चालली, मास्तरची बोट चालली!" लोक टाळ्या वाजवून राहिले.

नाव तरंगते हे सिद्ध झालं. पण गुडघ्याएवढ्या चिखलात उभं राहून ते मी कोणाला सांगितलं नाही.

पंधरा ऑगस्ट जमणार नाही. गांधीजयंती जास्त योग्य वाटते. साधेपणा हाच मुद्दा घ्यायचा.

२४ ऑगस्ट, रविवार
नवी कल्पना. वाफ्यांची कड विटांची नको, नदीतल्याच गोट्यांची करायची. हाताशी सापडतात, दिसतात छान. गड्यांकडून बैलगाडीभर वेचून आणले, ओळीनं मांडले, चुन्यानं रंगवले. पांढऱ्याशुभ्र गोल ओळी. प्रथमच बाग प्लॅनसारखी दिसली. बराच वेळ एकटाच पाहत उभा राहिलो.

मालतीला दाखवायला नेलं. तिनं गोटे पाहिले, मग नदी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "पोळा जवळ आला," एवढंच म्हणाली. बैलांचं हिला मध्येच काय सुचलं?

६ सप्टेंबर, शनिवार
गोटमार झाली.

मी पांढुर्ण्यातच जन्मलो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या या काठावर आपण, त्या काठावर सावरगाव, मधे पळसाचा झेंडा, आणि दोन्हीकडून दगड. हे मला काय माहीत नव्हतं? पण कामाच्या व्यापात माणूस विसरतो.

सकाळीच लोकांनी तार तोडली. माझा एकही गोटा उरला नाही. मी फाटकात उभा राहून सांगत होतो की हे शोभेचे आहेत. एक जण दोन हातांत दोन घेऊन जाता जाता म्हणाला, "झकास हाय गुर्जी, हातात बसते." आकाशात पांढरे गोटे जाताना स्पष्ट ओळखू येत होते.

रघुनाथराव नुसते पाहायला गेले होते. सावरगावकडून परत आलेला एक गोटा त्यांच्या कपाळावर बसला. टाके पडले. डॉक्टर विचारत होते, जखमेत चुना कसा आला. मी खाटेजवळ बसलो होतो.  रघुनाथरावांनी डोळे मिटून घेतले.

घरी येऊन जेवलो नाही.

१० सप्टेंबर
रघुनाथरावांना पाहायला गेलो. त्यांची बायको म्हणाली, फिरायला गेले. पट्टी बांधून? कुठे? तिला नक्की माहीत नव्हतं. म्हणजे सांगायचं नव्हतं. माझ्यावर रागावले असतील असं क्षणभर वाटलं. पण ते तसे नाहीत.

२ ऑक्टोबर, गुरुवार
उद्घाटन झालं. नीट लिहितो.

छिंदवाड्याहून साहेब आले. हार, फीत, कात्री सगळं तयार. कारंज्याचं बटण त्यांच्याच हस्ते दाबलं. वीज गेलेली होती. पुन्हा दाबलं. साहेब भला माणूस, तिसऱ्यांदाही दाबलं.

खुर्च्यांवर समितीतले दोघे, फोटोग्राफर, आणि जीपचा ड्रायव्हर. मी भाषण सुरू केलं, "पांढुर्णा शहराच्या वाढत्या गरजा", तेवढ्यात नदीपलीकडून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला. सावरगावच्या काठाला, बाभळींच्या खाली, चाळीसेक माणसं बसलेली. बाया, म्हातारे, सगळे. कोणी पाण्यात पाय सोडून. साहेबांनी वळून पाहिलं आणि म्हणाले, "उधर तो बड़ी रौनक है. वो कौनसा पार्क है?"

मी म्हणालो, वह कुछ नहीं है, सर.

त्या घोळक्यात पाठमोरी एक बाई मालतीसारखी दिसली. हिरवं लुगडं पुष्कळ बायांकडे असतं. तिच्या शेजारी कपाळाला पट्टी बांधलेला एक माणूस होता.

भाषण पूर्ण केलं. साहेबांनी चहा घेतला नाही.

३ ऑक्टोबर
वीज आली. कारंजं चालू करून पाहिलं. गढूळ पाणी थोडंसं वर आलं, मग चिखल, मग मोटरचा वास.

५ ऑक्टोबर, रविवार
बाग जनतेसाठी खुली. दिवसभर फाटकाशी खुर्ची टाकून बसलो. एक बकरी आली. नंतर तिची मालकीण, बकरीला न्यायला.

लोकांना नव्या गोष्टीची सवय व्हायला वेळ लागतो.

२६ ऑक्टोबर, रविवार
वेळ लागून राहिला आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार
दिवाळी झाली. थंडी पडायला लागली. संध्याकाळी मालती चपला घालून दारात उभी राहिली. रोज नुसती "जाते" म्हणते. आज म्हणाली, "चालता का?"

देवळात का, असं मी विचारलं नाही. ती पुलाकडे वळली, मीही वळलो. पूल ओलांडताना तिनं एकदाही मागे पाहिलं नाही. एवढी भराभर चालते हे मला माहीत नव्हतं. मला धाप लागली.

सावरगावच्या काठाला सगळे होते. कोणी पोतं अंथरलेलं, कोणी नुसतंच रेतीवर. रघुनाथराव होते. कपाळावर खूण राहिली आहे. चंद्रकला टोपलं घेऊन बसलेली. मालतीला पाहून बायांनी हाका मारल्या, मग तिच्यामागे मला पाहिलं.

आणि एकदम सगळे गप्प झाले.

असं गप्प मी फेब्रुवारीत समितीत पाहिलं होतं. तेव्हा भारावले असं लिहिलं आहे. आज चेहरे जवळून दिसले. ड्रॉइंगमास्तरला चेहरा कळतो. घाबरले होते. मी बाभळींकडे पाहिलं तर सगळ्यांनी बाभळींकडे पाहिलं. उताराकडे पाहिलं तर उताराकडे.

शेवटी चंद्रकला म्हणाली, "गुर्जी, अठी तं काही करून नाही राहिले नं तुमी?"

मालती माझ्याकडे पाहत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मी म्हणालो, नाही. इथे काही नाही करत.

"पक्कं?" रघुनाथराव.

पक्कं.

मग रघुनाथराव थोडे सरकले. चंद्रकलानं शेंगा दिल्या. कोणाच्या तरी सुनेची गोष्ट अर्धी राहिली होती, ती पुन्हा सुरू झाली. मला सून कोणाची ते कळलं नाही, पण ऐकली. अंधार पडेपर्यंत बसलो. समोर आपली बाग दिसत होती. तिच्यावर कोणी काही बोललं नाही.

परत येताना उतार चढायला मालतीला त्रास होतो. गुडघा धरून चढते. दोन-तीन पायऱ्या तरी पाहिजेत तिथे. साध्या. सिमेंटच्याही नकोत.

पण नाही म्हणून बसलो आहे.