गाडीले ओ

३ नोव्हेंबर
घाटंजीहून एवढं गठुडं घेऊन उतरली, तर स्टँडवर घ्यायले कुत्रं आलं नाही. नातू लोकाईचे फ्रिज घरपोच करते, आजीले घरपोच करणं त्याच्यानं होत नाही. हे झालं भांडण. आता जय भीम, वही. समीक्षानं, म्हणजे नातीनं दिली. चौथी शिकलेली आजी काय लिहिते, पाहू म्हणे.

नातवाची, धम्मदीपची खोली बरी आहे. नळ दारातच. समोर चिंचेखाली डिलिव्हरीची गाडी. मालक विठ्ठलराव. पोरगं नवीनच लागलं कामाले. सीटले आधीच्या ड्रायव्हरच्या बसण्याचा खड्डा पडला आहे. सायंकाळी पाठीले तेल लावून दिलं. जन्मल्यापासून ही पाठ मीच चोळली. साग्वानाच्या फळीवानी सरळ.

५ नोव्हेंबर
धम्मदीपसोबत हमाल नाही. फरशीची खोकी, पिठाचे कट्टे, कपाटं, सारं एकट्यानं. गाडीच्या मागच्या फाळक्यावरून दिवसभर उड्या, गुडघे वाजतात. फ्रिज पाठीवर घेऊन जिने चढते. लघवीले थांबता येत नाही म्हणून पाणीच पीत नाही. म्हटलं, बैलालेही पाणी दाखवतात रे. हसला.

उजाडता गाडीचा हॉर्न वाजला. गाडीत कोणी नव्हतं. धम्मदीप झोपेतच म्हणाला, आलो. मग म्हणे, वायरचं काही असन.

९ नोव्हेंबर
तेल लावताना कमरेत गाठ लागली. आत हाड मोडून वाकडं जुळलेलं. याचं तर कधी काही मोडलं नाही. डावा खांदाही उतरला. डॉक्टरनं हाडाचा फोटो काढला. म्हणे, ही म्हाताऱ्या माणसाची कंबर आहे, फोटो बदलला असन. पुन्हा काढला. तोच.

हॉर्न रोज वाजते. हा रोज ओ देते.

१२ नोव्हेंबर
आधीचा ड्रायव्हर फुलसिंग. त्याच्या तांड्यावर गेलती. लोक सांगत, कंबर मोडून पार वाकला, भुईकडे पाहून चालते. तो तर ताठ. डोक्यावर कापसाचं गाठोडं. मले पाहून खाली बसला अन् रडला.

"याडी, त्या हॉर्नले जो ओ देते, त्याले माझी कंबर जाते. मले माझ्याआधीच्या ड्रायव्हरची, उकंडाची आलती. तुह्या पोरानं ओ देली अन् मी सरळ झालो."

याडी म्हणजे माय. मायले असं सांगतात?

विठ्ठलरावले विचारलं. म्हणाले, ड्रायव्हर बदलतात बाई, गाडी उभी नाही राह्यली पाहिजे.

१५ नोव्हेंबर
पोराच्या तोंडात पदर कोंबला. हॉर्न वाजला. पदरातूनही — आलो.

आता पोरगं भुईकडे पाहून चालते. माझं तोंड पाहायले मान वर होत नाही.

१६ नोव्हेंबर
आज त्याच्याआधी मीच ओ देली. आली म्हटलं. कमरेत काहीतरी चढून बसलं —

१७ नोव्हेंबर
पोरगं ताठ झालं. खरंच. बुटाची नाडी बांधून राह्यलं. मालकाचा फोन, बरं वाटते न, मग आज दोन खेपा. हो म्हणाला. हो म्हणाला मेला.

मले उठता येत नाही. आजची ओ कशीबशी देली, आता आवाजही फुटत नाही. उद्या त्याच्याआधी कोण —

१८ नोव्हेंबर
उजाडलं. हॉर्न. बोटं वळत नाहीत, आवाज नाही म्हणून वहीतच सांगते — धम्मदीप, तोंड दाब. विठ्ठलराव, गाडी तुमची. ओ तुम्हीच द्या, आपल्या तोंडानं, आत्ता, हा पोरगा तोंड उघडायच्या आत तुम्ही —