आधी दिलेली साक्ष

१० फेब्रु., मंगळ.
लेकीला, एस्तेरला, सासरहून, दोंडाईच्याहून, साक्रीला घरी आणलं. सातवा लागला आहे. धुळ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळंतपणापर्यंत अंथरूण सोडायचं नाही. आधीची दोन गेली, म्हणून. खाट परसाच्या बाजूच्या खिडकीशी लावली. जावई शनिवारी येऊन जाईल.
संध्याकाळी झाडांना पाणी. जुन्या माठाखाली बेडूक तसाच बसलेला, दिवाळीपासून. धडा : वाट पाहणं हेही काम आहे. असे धडे वहीत लिहायची माझी सवय.

१४ फेब्रु., शनि.
कपडे वाळत घालायच्या तारेवर शिंजीर पाखराची मादी घरटं बांधते आहे. कोळ्याचं जाळं, वाळकी पानं, कापसाचे धागे. नर नुसता जास्वंदीवर बसून ओरडतो. एस्तेरची आई मार्था म्हणाली, "सगळ्या घरी हेच." एस्तेर हसली. बऱ्याच दिवसांनी.
मार्थानं तार पाखरासाठी मोकळी ठेवली. कपडे आता पुढच्या अंगणात.

२२ फेब्रु., रवि.
घरट्यात दोन अंडी. काठीला आरसा बांधून पाहिलं. शेंगदाण्याएवढी. मादी आत बसते, तोंड तेवढं दाराशी.
एस्तेर : "पप्पा, तिलाही डॉक्टरनं उठू नको सांगितलंय."

२५ फेब्रु., बुध.
चर्चची बुधवारची प्रार्थना आज आमच्याकडे होती. पंधरा-सोळा माणसं. साक्षीची वेळ आली, प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायची, तेव्हा मी उठलो. सहसा उठत नाही. म्हणालो, तारेवर, वाऱ्यात लोंबणारी दोन अंडी जो राखतो तो माझ्या लेकीचं बाळही राखेल. ते घरटं प्रभूनं आम्हांला खूण म्हणून दिलं आहे. सगळे "आमेन" म्हणाले. खिडकीतून एस्तेरचाही आवाज आला.
सारा अक्का जाताना दारात चपला घालत होत्या. म्हणाल्या, "साक्ष लवकर दिनी रे भाऊ तू. काम व्हयनं म्हणजे साक्ष देवानी."
काम आधी होऊ दे, साक्ष मग द्यायची, असं त्यांचं म्हणणं. मला राग आला. ऐंशीच्या आहेत, म्हणून हात धरून पायरी उतरवली.

२७ फेब्रु., शुक्र.
मंडळीतली माणसं घरटं बघायला येतात. विल्सनभाऊ म्हणाले, "पाळकसाहेबांना सांगून हिला सभासद करून घ्या. तुमच्यापेक्षा नियमित आहे."
शाळेत घंटा द्यायला आज दोन मिनिटं उशीर झाला. घरट्याचाच विचार.

५ मार्च, गुरु.
घरटं गेलं.
सकाळी दात घासत परसात गेलो. भारद्वाज भिंतीवर, चोचीत काहीतरी. अर्धं घरटं तारेला, अर्धं खाली. अंडी नाहीत. मादी जास्वंदीच्या या फांदीवरून त्या फांदीवर.
एस्तेर भिंतीकडे तोंड करून झोपली होती. उरलेलं घरटं सोडवलं, जास्वंदीच्या बुडाशी पुरलं. ती उठल्यावर सांगितलं, वाऱ्यानं फार हलत होतं, मी अलगद पलीकडच्या पेरूवर बांधलं, ती तिथं बसायला लागली. पेरू खिडकीतून दिसत नाही.
"बरं," म्हणाली.
तिची भीती वाढू नये म्हणून बोललो. असं लिहितो आहे. आणखीही काही होतं. मी सगळ्यांसमोर उभा राहिलो होतो.

८ मार्च, रवि.
रोज विचारते, "ठीक आहे ना ती?" रोज मी "हो."
आज चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. भाकर जवळ आली. मनात खोटं ठेवून ती घेत नाहीत; न घेता ताट पुढे सरकवलं. प्यालाही. तीस वर्षांत पहिल्यांदा. मार्थानं पाहिलं. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "लेकीला सांगा." तिला केव्हापासून ठाऊक होतं, विचारलं नाही.

१० मार्च, मंगळ.
एस्तेरला सांगितलं. खाटेशी खाली बसून.
"मला माहीत आहे, पप्पा. मी जागी होते. भारद्वाज आला तेव्हा टाळ्या वाजवल्या, हुश्श हुश्श केलं. उठायचं नाही ना."
"मग रोज विचारायचीस ते?"
"तुम्हांला सांगायला सोपं जावं म्हणून."
मग नजर छताकडे वळवली. म्हणाली, "त्या घरट्यावर तुम्हीच माझं बाळ टांगलंत. आता मी काय समजू?"
तिचे पाय दाबत बसलो. घोटे सुजले आहेत.

११ मार्च, बुध.
प्रार्थना विल्सनभाऊंकडे. साक्षीच्या वेळी उठलो. घरटं मोडलं, सांगितलं. लेकीशी खोटं बोललो, तेही. खूण प्रभूनं दिली नव्हती, मीच ठरवून घेतली होती, आणि ती त्याच्या नावावर...
एवढ्यावर खाली बसलो. कोणी आमेन म्हटलं नाही. विल्सनभाऊ सतरंजीचा दोरा ओढत होते.
सारा अक्का म्हणाल्या, "आते खरं बोलना तू. बस." आणि डोळे मिटून, "देवा, हाई पोर तुनी शे." ही पोर तुझी आहे, इतकीच प्रार्थना.
घरी येऊन एस्तेरला सांगितलं. तिनं अक्कांचं वाक्य दोनदा म्हणायला लावलं.

१६ मार्च, सोम.
धुळे. दवाखान्याच्या आवारात, लिंबाखाली.
पहाटे एस्तेरच्या पोटात दुखायला लागलं. दिवस भरलेले नाहीत, आठवाच. गाडीत एस्तेरनं माझं मनगट धरून ठेवलं होतं, साक्रीपासून इथपर्यंत. वळ अजून आहेत. नऊ वाजता आत घेतलं. मार्था दाराशी बसली आहे. जावई निघाला आहे, पोचला नाही.
अक्कांची प्रार्थना म्हणतो आहे. दुसरी येत नाही.
पायाशी मुंग्यांची रांग. पावाचा मोठा तुकडा नेत आहेत. भेगेशी अडतो, पुन्हा ओढतात. सवयीनं 'धडा' असं लिहिलं. खोडलं. तुकडा भेगेत पडतो की पलीकडे जातो, ते बघत बसलो होतो.
मार्था बाहेर आली आहे. पायरीवरून हात करून बोलावते आहे. ऊन तिच्या पाठीमागून, तोंड दिसत नाही.
जातो.